रंगपंचमीनंतर धनेशाच्या दारात

रंगपंचमी झाल्यावरच निघायचं, हे मिलिंदनं आधीच सांगून टाकलं होतं. गेर, म्हणजे त्या दिवशीची रंगांची मिरवणूक, सोडून जंगलात जाणं माझ्या नवऱ्याला मंजूर नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी इंदूरहून विमानानं कोइम्बतूरला उतरलो, तेव्हा त्याचे केस पक्के गुलाबी होते.

पोल्लाचीहून वालपराईचा घाट चाळीस वळणांचा. मळमळत असेल तर पुढच्या सीटवर बसा आणि पोटभर जेवण वर पोहोचल्यावरच करा. चहाच्या मळ्यांमध्ये वर्षावनाचे तुकडे उरलेत. तिथे पहिल्याच संध्याकाळी सिंहपुच्छ वानरं दिसली. काळं अंग, चेहऱ्याभोवती करडी आयाळ. एक आई पिलाचा कान इतकं मन लावून साफ करत होती की मी दुर्बीण खाली घेतली. कुणाच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं.

मिलिंदला मात्र महाधनेश पक्षी हवा होता. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते. फटीतून नर भरवेल तेच तिचं जेवण. तो क्षण टिपायला त्यानं भाड्यानं लेन्स आणली होती.

सकाळी आमचा वाटाड्या सेल्वम त्याच्याकडे बघतच राहिला. "सर, शर्ट ठीक है. लेकिन बाल?"

"दो बार धोया, भिया!"

"गेरमध्ये टोपी घाल म्हटलं होतं," मी म्हणाले.

"टोपी घालून गेर? लोक हसले असते ना!"

शेवटी माझी तपकिरी ओढणी डोक्याला गुंडाळून तो ढोलीच्या झाडासमोर बसला. नर आला, पण दूरच्या फांदीवर थबकला. केवढी ती पिवळी चोच! आमच्याकडे बघत राहिला, पुढे येईना. ढोलीच्या फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा आलं. ओढणीमुळे की नुसत्या आमच्यामुळे, कोण जाणे, तो उडून गेला.

"रुकिए, फिर आएगा," सेल्वम म्हणाला.

मिलिंद लेन्स आवरू लागला. "चल. ती उपाशी आहे यार."

"आणि फोटो?"

"आपण बसून राहिलो तर तो येणार कसा?"

उतरताना डोक्यावरून पंखांचा आवाज गेला, कुणी जाड सतरंजी झटकावी तसा. झाडाच्याच दिशेनं. मिलिंद क्षणभर थांबला, मग चालू लागला.

इंदूरला, आमच्या मल्हारगंजला परत आल्यापासून सगळे धनेशाचा फोटो मागतात. वानरांचे आहेत, शेकरूचे आहेत, तो नाही. आपण तिथवर जायलाच हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. जंगल इतकं सुंदर आहे की जाऊ नका, असंही म्हणवत नाही. गेलात आणि नर फांदीवर अडलेला दिसला, तर उठून या. तिला जेवू द्या.