पांढरा कोट शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो

भिवंडीत निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून एक फेरी मारून घरी या आणि आरशात बघा. केसांत कापसाचे तंतू अडकलेले असतात. कुठल्या लूमवरून उडाले, कधी चिकटले, काही कळत नाही. आमच्या नाट्यमंडळाचे किस्सेही असेच गोळा होतात. मी ते झटकून पाहिले. मी तर विज्ञान शिकून आले होते! शाळा लांबच्या होस्टेलात, पुढे जर्मनीत पदार्थविज्ञान, आणि मग परत भिवंडी. इथल्या रंगभूमीवरून वैज्ञानिक दृष्टिकोन पसरवायचा, असं मी विमानात ठरवलं होतं. विमानात माणसाला काहीही सुचतं.

*

मंडळाचे खांब दोन. दिग्दर्शक नाना, राहनाळला त्यांची गोदामं आहेत, मूळ गाव दिघाशी. आणि नायक मुनाफभाई. निजामपुऱ्यात त्यांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना. शुक्रवारी लूम बंद, म्हणून तालमी शुक्रवारी, कारखान्यातच.

पहिल्या वाचनाला मी ठणकावून सांगितलं, "आपल्या नाटकातला शास्त्रज्ञ साधा माणूस असेल. चौकड्यांचा शर्ट घालेल."

"मंग तो शास्त्रज्ञ हाय हे लोकांना कलनार कसं?" नानांनी विचारलं.

"तो काय बोलतो त्यावरून!"

नानांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "पोरी, जत्रेत शेवटच्या रांगेपर्यंत बोलनं पोचत न्हाय. पांढरा कोट पोचतो."

चौकड्यांचा शर्ट तिथंच वारला.

*

नाना माझ्या नाटकाला इतक्या सहज का तयार झाले, ते मला पुढच्या शुक्रवारी कळलं. विज्ञानप्रेम वगैरे माझी समजूत होती.

नानांची आय दिघाशीला राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. गावचा भगत कसल्याशा पाल्याचा रस देतो, तो डोळ्यांत घालते आणि डोळे लाल करून बसते. ठाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रस थांबवून लवकर ऑपरेशन केलं नाही तर डोळे कायमचे जातील. नाना तिला घेऊन गेलेही होते. आयनं सर्जनचा आवाज ऐकला, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि उठून उभी राहिली.

"याला अजून दाढी न्हाय फुटली! ह्यो माज्या डोल्यात सुरी घालनार?"

तेव्हापासून ती दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती.

"म्हनून म्हनतो," नाना म्हणाले, "नाटक मोतीबिंदूवर लिही. दिघाशीच्या जत्रेत लावू, आयला पुढं बसवू. माजं ऐकत न्हाय, नाटकाचं ऐकंल."

माझा मूळ विषय विश्वाची उत्पत्ती हा होता. विश्व जरा पुढे ढकललं.

*

नाटकातला शास्त्रज्ञ आता डोळ्यांचा डॉक्टर झाला. मग सेट आला. डोळ्यांच्या डॉक्टरची खोली म्हणून नानांनी जे उभं केलं, त्यात लाल, हिरवं, जांभळं पाणी भरलेल्या बरण्या होत्या आणि टेबलाखाली धूर सोडायचं मशीन.

"नाना, डोळ्यांच्या दवाखान्यात धूर कशाला?"

"धूर न्हाय तं विज्ञान कुठंय?"

मशीन चालू झालं. दोन मिनिटांत नायक, दिग्दर्शक आणि मी, तिघंही डोळे चोळत गल्लीत उभे. नानांना काही दिसत नव्हतं, तरी ते खूश होते. "बघ! आत्तापासून लोक रडाया लागले!"

*

शास्त्रज्ञाला मोतीबिंदूवरचा इलाज सापडतो, त्या प्रसंगावर आमचं भांडण झालं. नानांना हवं होतं की वीज कडाडावी आणि शास्त्रज्ञानं "सापडलं!" म्हणून ओरडावं. मी समजावलं की असं काही नसतं. विज्ञान म्हणजे तेच तेच पुन्हा करून बघणं. चुकणं, मोजणं, परत चुकणं, परत मोजणं.

मुनाफभाईंना एकदम पटलं. "अरे बेटा, हे तर आमच्या सेकंड शिफ्टसारखं झालं! वही का वही."

"अगदी बरोबर, मुनाफभाई!" मला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्या बाजूचा.

"मग जत्रेत ते बघायला कोण थांबेल? माझे कारागीर रोज बघतात. एकानं कधी टाळी वाजवली नाही."

वीज कडाडायचं ठरलं.

*

मुनाफभाईंना मी डोळ्याच्या भिंगाबद्दल एक लांब भाषण लिहून दिलं होतं. सोपं, अचूक, एकही शब्द चुकीचा नाही. त्यांनी ते मनापासून पाठ केलं, आणि रंगीत तालमीला पहिल्या वाक्यानंतर संपूर्ण विसरले.

पण नट जातिवंत! त्यांनी चष्मा काढला. छताकडे बघितलं. हळूच मान हलवली. एक उसासा सोडला. चष्मा परत घातला आणि निघून गेले.

बघायला जमलेले शेजारचे कारागीर टाळ्या वाजवत उठले. "क्या डॉक्टर है!"

नाना माझ्याकडे वळले. "बघ, शास्त्रज्ञीणबाई. याला म्हनतात विज्ञान!"

भाषण कापलं. उसासा राहिला.

*

भगताची भूमिका नानांनी स्वतःकडे घेतली. मी भगताला अर्धं पान दिलं होतं, तेही तोंडघशी पडण्यापुरतं. तालमी संपेपर्यंत त्या अर्ध्या पानात घुमणं आलं, ऊद आला, ढोलवाला आला आणि विनोदही सगळे तिकडेच गेले.

"नाना, तुम्ही भगताच्या विरोधात आहात ना?"

"पूर्ण इरोधात! पन रोल तो रोल."

"आय भगताच्याच बाजूनं गेली तर?"

नानांनी ढोल काढून टाकला. ऊद मात्र ठेवला.

*

जत्रेच्या दिवशी दिघाशीत स्टेज बांधलं. पडदा उघडायच्या आधी मी एकदा सेट बघून घेतला. डॉक्टरच्या खोलीच्या दारावर लिंबू-मिरची!

"हे काय? आपलं नाटक कशावर आहे?"

"नाटक कशावर बी असू दे. सेटला नजर लागते," नाना म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "आयच्या डोल्यांचा प्रश्न हाय, पोरी. आज रिस्क नको."

मी लिंबू-मिरची काढली नाही. वैज्ञानिक दृष्टिकोनाला मी म्हटलं, तू जरा विंगेत थांब.

आय पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. भगत घुमला तेव्हा गाव पोट धरून हसलं. आय शेजारणीला विचारत होती, "कोन हाय? काय करतो?" तिला अंधारात अंधारच दिसत होता. मग धूर सुटला, वीज कडाडली आणि कोट घातलेले मुनाफभाई दिव्याखाली येऊन उभे राहिले. आय पुढे झुकली.

"ह्यो दिसतो," ती म्हणाली. "पांढरा."

विंगेत परतलेल्या नानांकडे मी बघितलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते.

*

नाटक संपल्यावर आय काठी टेकत स्टेजमागे आली. मुनाफभाईंचा हात धरला. गालावरून हात फिरवला. दाढी होती, भरघोस.

"आपरेशन करीन," ती म्हणाली. "पन ह्याच डाक्टरच्या हातून. दुसऱ्या कुनाचा हात लावू देनार न्हाय."

मुनाफभाईंचा चेहरा असा झाला, जसा सगळे लूम एकदम बंद पडल्यावर होतो.

मी रात्रभर तळमळले. सकाळी नानांना सांगितलं, "ही फसवणूक आहे. पेशंटला खरं कळायला हवं. विज्ञानाचा पायाच तो आहे!"

"बरं," नाना म्हणाले. "तू सांग. आनि ती उठून गेली, डोले गेले, का मंग तिला पाया वाचून दाखव."

शेवटी मी सर्जनलाच गाठलं. तरुण, हसरा, खरंच दाढी नसलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मला पेशंट स्थिर हवा. आपल्या मर्जीनं तयार आहे ना? मग तुमच्या डॉक्टरसाहेबांना आणा. स्वच्छ गाऊन-मास्क आम्ही देऊ. फक्त कशाला हात लावायचा नाही."

*

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी आय निवांत होती, मुनाफभाई मास्क उलटा बांधत होते. आत त्यांना भिंतीलगत उभं केलं होतं. तिथून त्यांनी जत्रेतल्याच आवाजात सांगितलं, "आय, हलायचं नाही. मी आहे." आय जराही हलली नाही. सर्जननं आपलं काम केलं. बाहेर आल्यावर मुनाफभाई बाकावर आडवे झाले आणि नर्सनं त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. मुनाफभाई कारखान्यातून थेट आले. सकाळीच एक लूम अडला होता, तो सोडवून, वर कोट चढवून. खाटेच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला सर्जन, पायाशी नाना आणि मी.

पट्टी निघाली. आयनं डोळ्याची उघडझाप केली. खिडकी बघितली, नानांना बघितलं. "किती वाळलास रं!" म्हणाली. नानांनी तोंड फिरवलं.

मग तिनं मुनाफभाईंचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "तुज्या नखांत काळं तेल हाय."

मी पुढे झाले. आता सत्य सांगायची वेळ आली होती, आणि मला ती कधीची हवी होती. "आय, ऐका—"

"तू थांब गं," आय म्हणाली. "दिसतं मला आता. इतकी आपरेशनं करतो बिचारा, हात धुवाया तरी कधी गावतं त्याला?"

मग ती सर्जनकडे वळली.

"आनि पोरा, तू नुसता उभा काय ऱ्हातोस? सायबांना हात धुवाया पानी दे!"

सर्जननं पाणी दिलं.