सातवी गादी

गादीवाल्याला सकाळीच राजवाड्यात बोलावणं आलं. वाड्यात उतरलेली एक अनोळखी पाहुणी त्याच्या वीस गाद्यांच्या थरावर झोपली होती आणि रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता वाड्याचं काम हातचं जाणार, असं त्याला वाटलं.

राणीसाहेब मात्र खुशीत होत्या. "तळाशी मी वाटाणा ठेवला होता. तो टोचला, म्हणजे पोरगी खरी राजकन्या! सून सापडली!"

"वाटाणा कुठला?" पाहुणी म्हणाली. "वरून सातवी गादी बघा. डाव्या कोपऱ्यातला कापूस नीट पिंजलेला नाही."

गादीवाल्याने तिथेच टाके उसवले. आत सुपारीएवढी गुठळी निघाली.

"बाई, तुम्हाला कळलं कसं?"

"माझे वडील गाद्याच भरायचे. गिऱ्हाइकाला देण्याआधी मला वर झोपवून बघायचे."

राणीसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. वाड्याचं काम गेलंच, हे गादीवाल्याला कळलं. पण त्याच्या डोक्यात भलतंच घोळत होतं.

"आणि बाकीच्या एकोणीस?"

"बऱ्या आहेत की."

"दुकानात अजून अकरा आहेत," तो घुटमळत म्हणाला. "बघायला याल?"

पाहुणी केव्हाच चपला शोधायला लागली होती.