पाणी भरायची वेळ

आमच्याकडे मासळी विकायची वेळ घड्याळावर ठरत नव्हती, पाण्यावर ठरत होती. भरती आली की होड्या चिखलावरून वर येऊन धक्क्याला लागायच्या. धक्क्यावर टोपली भरली की माझी सासू ती डोक्यावर घेऊन सरळ भेंडीच्या डेरेदार झाडाखाली जाऊन बसायची. मी मागून पाटी, कोयता आणि पाण्याची बादली घेऊन जायचे. सासूला मी आय म्हणत असे.

भरती रोज एका वेळेला येत नाही. एकादशीला सकाळी नऊच्या सुमाराला पाणी भरतं, पुनवेला भर दुपारी, आणि पुनवेनंतरच्या चौथीला तीन वाजून जातात. रोज ती तासाहून थोडी कमी अशी पुढे सरकते. आयला घड्याळ कळत नव्हतं, पण सकाळी उठून तिथी कोणती ते आठवलं की आज टोपली कधी उचलायची ते तिला कळायचं. माझ्या माहेरीही हेच होतं, म्हणून मला यात काही वेगळं वाटलं नाही.

आमचं गाव नेरूळच्या खाडीकडेला. गावाच्या शेतांवर इमारती आल्या तेव्हा मी नवीन लग्न होऊन आले होते. भेंडीचं झाड गावाच्या वाटेवर होतं, आणि नवा रस्ता नेमका त्याच्यासमोरून गेला. रस्त्यापलीकडे चार मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यांच्या गॅलऱ्यांमधून खाडी दिसायची. तिथे राहायला आलेल्या बायकांना पहिल्या वर्षी आमची वेळ समजली नाही. एक बाई तर आयला रागाने म्हणाली, "मावशी, तुमचा काही टाइमच फिक्स नसतो."

आय म्हणाली, "टाइम माजा नाय गो, पान्याचा हाय. त्याला जाऊन सांग."

सगळ्या हसल्या, आणि तीही हसली. पुढे त्या बायका गॅलरीतून खाडीकडे बघायला शिकल्या. चिखल दिसत असला की घरातली कामं उरकायच्या, पाणी चमकायला लागलं की पिशवी घेऊन खाली यायच्या. साताऱ्याकडच्या, नगरकडच्या बायका, ज्यांनी समुद्र लग्नानंतर पाहिला, त्या आपसात बोलायच्या की आज अष्टमी, आज काही खरं नाही. भांगाचं पाणी तोकडं असतं, मासळी कमी येते, हे त्यांना आयने शिकवलं होतं.

ओरडून विकणं मला कधी जमलं नाही. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागे सरते. आय आवाज द्यायची, वाटे लावायची, घासाघीस करायची. मी मान खाली घालून मासळी साफ करायचे. कोळंबी, बोयटं, चिंबोऱ्या, कधी निवट्या, आणि नशीब असलं तर जिताडा. माझा सारा संसार त्या झाडाखालच्या जागेवर चालला होता. माझे मालक होडीवर जात, पण घरात पैसा यायचा तो आयच्या त्या जागेमुळे.

गिऱ्हाइकांत एक बाई वेगळ्या होत्या. श्रीवर्धनकडच्या मुसलमान घरातल्या, नवरा परदेशी नोकरीला. त्यांना काही शिकवावं लागलं नाही, त्या समुद्रावरच वाढल्या होत्या. त्या आल्या की आधी मासळीचा कल्ला उचलून बघायच्या. ताज्या मासळीचा असतो तसा आतून लाल असला की मान डोलवायच्या आणि मग भाव करायच्या. आय दुसऱ्या कोणाला कल्ल्याला हात लावू देत नसे, त्यांना देत असे. म्हणायची, हिला कलतंय.

नव्वदनंतरच्या त्या चार-पाच वर्षांत सगळं बदललं. स्टेशन झालं, आणि रस्त्याच्या आमच्या बाजूला शॉपिंग सेंटर बांधायला घेतलं. भेंडी तोडली नाही, पण तिच्या भोवती फरशी घातली आणि तिथे स्कूटर लावायला सुरुवात झाली. आम्हाला शॉपिंग सेंटरच्या मागे, टेम्पोतून माल उतरवतात तिथल्या भिंतीला बसायला सांगितलं. कोणी दमदाटी केली नाही. एक माणूस आला आणि चांगल्या शब्दांत बोलला, म्हणून आयला भांडताही आलं नाही.

जागेचं दुःख होतंच, पण खरा फटका कशाने बसला ते आम्हाला उशिरा कळलं. शॉपिंग सेंटर सोसायट्यांएवढंच उंच, सोसायट्या आणि खाडी यांच्या मधोमध उभं राहिलं होतं. गॅलरीतून आता पाणी दिसत नव्हतं, समोर दुकानांच्या पाट्या दिसत होत्या. बायकांना पाणी कधी भरलं ते कळायचंच बंद झालं. आय पुनवेच्या दुपारी भरलेली टोपली घेऊन भिंतीपाशी बसायची आणि पलीकडे सगळं शांत असायचं. ती आवाज द्यायची तो भिंतीलाच लागून परत यायचा.

खाली बारा-तेरा दुकानं होती. कपड्यांचं, मिक्सर-टीव्हीचं, केकचं, आणि कोपऱ्यावर काचेचं दार असलेलं थंडगार मासळीचं. तिथे लांबून आलेलं पापलेट आणि सुरमई बर्फात ठेवलेली असायची. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी चार ते नऊ, दारावर लिहिलेलं. आय एकदा माझ्याबरोबर आत बघून आली. बाहेर येऊन म्हणाली, "ती मासली हाय का कुल्फी?"

मला हसू आलं. पण बायका तिथे जात होत्या, आणि त्यांची चूक म्हणता येत नव्हती. निम्म्या जणी आता नोकरीला लागल्या होत्या. त्यांना संध्याकाळी पाच-सहाला मासळी हवी होती, आणि त्या वेळेला आमच्याकडे पंधरवड्यातून एखाददोन दिवसच पाणी भरायचं, तेही भांगाचं.

तेव्हा मला एक सुचलं. मला बोलता येत नाही, पण लिहिता येतं. चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर बरं आहे. मुलाच्या दप्तरातला खडू घेऊन मी शॉपिंग सेंटरच्या पुढच्या कठड्यावर, बायका येता-जाता बघतील अशा जागी लिहायला लागले. आय मला तिथी सांगायची, मी तिचं घड्याळ करायचे. ताजी मासळी, आज साडेदहा. ताजी मासळी, आज सव्वाअकरा. आयला वाचता येत नव्हतं, पण रोज ती कठड्यापाशी उभी राहून विचारायची की काय लिहिलंस. मी वाचून दाखवायचे. ती मान हलवायची, जणू पाण्याने सांगितलेलं मी नीट ऐकलं का ते तपासत होती.

काही दिवस बायका आल्या. मग कमी झाल्या. एक जण वाचून म्हणाली, रोज वेगळा आकडा लक्षात कोण ठेवणार. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सात-आठ घरं उरली, मग तीन, मग श्रीवर्धनच्या बाई एकट्या. बाईंना कठडा वाचायची गरज नव्हती. तिथी त्यांच्याही डोक्यात असायची.

उरलेली मासळी आम्ही घरी नेऊन खारवायचो. आयने ताजी मासळी खारवणं मला बघवत नसे. मालकांनी तळोज्याकडे कंपनीत हमालीचं काम धरायचं ठरवलं, म्हणजे होडी आठवड्यातून दोन-तीनदाच बाहेर पडणार होती. आयची जागा टिकते की नाही एवढाच प्रश्न आमच्या घरात होता.

एका पुनवेच्या दिवशी आय सकाळी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी खडू हातात घेतला होता.

"लिही, पाच," ती म्हणाली.

मला वाटलं ती तिथी चुकली. मी म्हटलं, "आय, आज पुनव हाय."

"म्हाईत हाय. लिही, रोज पाच."

मी लिहिलं. अक्षर मोठं काढलं. ताजी मासळी, रोज संध्याकाळी पाच वाजता. ताजी हा शब्द लिहिताना माझा हात थोडा थांबला, पण रोज तोच शब्द लिहीत होते, तोच लिहिला.

दुपारी बाराला होडी आली. त्या दिवशी नेमका चांगला जिताडा होता, आणि दोन मोठी बोयटं. आयने टोपली पडवीत सावलीला ठेवली. ओलं फडकं टाकलं, त्यावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. ऊन कडक होतं. जेवायला बसली नाही. दर थोड्या वेळाने फडकं उचलून बघायची आणि पुन्हा झाकायची. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर होते, पण टोपली भरलेली आणि ती घरात बसलेली, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

पाचला आम्ही भिंतीपाशी बसलो. कठड्यावरचं वाचून चार-पाच बायका खरंच आल्या. बोयटं गेली. आय वाटे लावत होती, बोलत होती, पण आवाज तिचा वाटत नव्हता. मग श्रीवर्धनच्या बाई आल्या. त्या दुपारी बारालाच येऊन बघून गेल्या असणार, कारण म्हणाल्या, "मावशी, आज उशीर?"

आय म्हणाली, "हां."

बाई नेहमीप्रमाणे खाली बसल्या आणि जिताड्याचा कल्ला उचलला. मला शेजारून दिसलं. लाली गेली होती, आत तपकिरी झाला होता. खराब झाला नव्हता, बर्फाच्या दुकानातल्यापेक्षा चांगलाच होता, पण आयच्या टोपलीत असा कल्ला कधी नव्हता. बाईंनी क्षणभर बघितलं. मग कल्ला हळूच खाली ठेवला, बोटाने सारखा केला, आणि भाव न करता म्हणाल्या, "द्या मावशी, पूर्ण द्या."

त्यांनी आयचा मान राखला. त्या काही म्हणाल्या असत्या, रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं, आयने दोन शब्द उलट ऐकवले असते. आयने जिताडा माझ्याकडे सरकवला. मी तो साफ केला, तुकडे केले. बाई पिशवी घेऊन गेल्या, आणि आय त्या दिसेनाशा होईपर्यंत त्या बाजूला बघत राहिली.

घरी येऊन तिने टोपली खाऱ्या पाण्याने घासली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. उलटी करून कुडाला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी बाराच्या थोडं पुढे भरलं. मी पाटी आणि कोयता घेऊन अंगणात उभी राहिले. आय पडवीत पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "तू जा काचेच्या दुकानात. त्याला साफ कराला बाई पायजे, तो मागं बोलला व्हता. पोरांचा बघ."

मी गेले. नऊ ते एक, चार ते नऊ. आत खूप थंड असतं, दुपारनंतर बोटं कळत नाहीत. तिथून खाडी दिसत नाही. श्रीवर्धनच्या बाई कधीमधी यायच्या, पण माझ्याकडून काही घेत नसत. दारातून आयची चौकशी करून जात.

आय त्यानंतर पाचसहा वर्षं होती. पडवीतून धक्का दिसायचा. पाणी भरायच्या वेळेला ती जिथे असेल तिथून उठून पडवीत येऊन बसायची, आणि उतरायला लागलं की आत जायची. मी घरी असले की त्यावरून मला तिथी कळायची, नाहीतर दुकानात बसून मी ती विसरत चालले होते.

कठड्यावरचं पाच बरेच दिवस तसंच होतं. एके दिवशी दुकानात जाताना मीच ओल्या फडक्याने पुसलं.