सरांनी अजून न पाठवलेली दुरुस्ती

प्रा. वामनराव गोतमारे सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझा प्रोग्राम डिस्कवर फाइल लिहीत होता आणि सरांनी येऊन भिंतीतून कॉम्प्युटरची पिनच ओढली. मी खापरखेड्याची, आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीत बोलायला कुणी घाबरत नाही. "काहून ओढली सर?" मी चिडूनच विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "लाइट काय तुले विचारून जाणार आहे?" मशीन पुन्हा सुरू केलं, तर फाइल अर्धीच. त्या दिवशी मी त्यांची विद्यार्थिनी झाले, ती आजतागायत.

सरांचा विषय सांगायला सोपा आहे. आपण फाइल सेव्ह केली की ऑपरेटिंग सिस्टिम ती आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या मोठ्या डेटाबेसला ही सवड परवडत नाही. ते मेमरी वगळून थेट डिस्कवर लिहितात. पण एकाच फाइलच्या वेगवेगळ्या भागांत अनेकांना लिहायचं असलं, तरी फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारा भाग, त्यांना रेशनच्या दुकानासारखं विनाकारण रांगेत उभं करायची. सरांनी ही रांग मोडायचं काम हाती घेतलं, आणि तेही अशा रीतीने की मध्येच वीज गेली तरी कुणाचं अक्षर हरवू नये.

बाबांच्या आजारपणात मी कॉलेज सोडायला निघाले होते. सर स्कूटरवर आमच्या घरी आले, बाबांशी प्लँटमधल्या ड्यूट्यांवर गप्पा मारल्या, माझ्या शिक्षणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. निघताना मात्र मला म्हणाले की उद्यापासून प्रयोगशाळेची किल्ली तुझ्याकडे. कॉलेज सोडणारीला कुणी किल्ली देतं का? दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने गेले.

आता पुढचं लिहिताना जीव तुटतो. सर जिच्यावर काम करतात ती ऑपरेटिंग सिस्टिम खुली आहे, तिचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो. कुणीही दुरुस्ती लिहून ईमेलने सगळ्यांना पाठवावी, लोकांनी चुका काढाव्यात, सुधारून पुन्हा पाठवावी, अशी तिथली रीत. कच्चं काम पाठवण्यात लाज नसते. पण सरांचा जन्म गेला पेपर तपासण्यात! चूक असलेलं चारचौघांत दाखवायचं कसं? काम पूर्ण झाल्यावरही ते वर्षानुवर्षं पिना ओढत राहिले. आम्ही "पाठवा सर" म्हणायचो, ते "थांब वं" म्हणायचे. शेवटी पाठवलं, तेव्हा उत्तर आलं की हा सगळा भागच दुसऱ्या कुणी नव्याने लिहिला आहे. तुमची दुरुस्ती आता कुठे बसणार नाही. मी टेबलावर हात आपटला. सरांनी त्या अनोळखी माणसाला काम सुरेख झाल्याचं कळवलं. इतका चांगुलपणा मला आजही पटत नाही.

ते नवं काम वाचताना सरांना त्यात एक चूक सापडली. फाइलमधल्या ज्या भागाला डिस्कवर अजून जागा मिळालेली नाही, तिथे दोघांनी एकदम थेट लिहिलं आणि नेमकी वीज गेली, तर एकाचं लिखाण नाहीसं होतं. यावरची दुरुस्ती सरांनी कधीच लिहून ठेवली आहे. पानभराचीसुद्धा नाही. या लेखासाठी परवा त्यांच्या घरी गेले, तर चहा देताना काकू म्हणाल्या, "तूच सांग वं त्याइले. माह्यं ऐकूनच नाही राहिले." मी सांगितलं. सर म्हणाले, "अजून एकदा तपासून राहिलो." त्यांच्या डोळ्यांना आता त्रास होतो, स्क्रीनवरची अक्षरं ते भिंग धरून वाचतात. तोवर एखाद्या दवाखान्यातली एखाद्या पेशंटची नोंद पुसली जात असेल, हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. म्हणून तर वाईट वाटतं.

सर, पंचाहत्तरीच्या निमित्ताने शिष्यांनी गुरूंसाठी शतायुष्य मागायचं असतं. मी मागते, आणि डोळेही शाबूत मागते. पण ही वर्षं तपासत बसण्यासाठी मागत नाही. ती दुरुस्ती आता पाठवा. चूक निघाली तर निघू द्या. लोक दाखवतील, तुम्ही सुधाराल, पुन्हा पाठवाल. त्यासाठीच तर तुम्ही आम्हाला पुष्कळ वर्षं हवे आहात.