त्या पिक्चरचा टुकार शेवट

खुनाचे पिक्चर म्हणजे माझा जीव की प्राण. पण त्या दुपारी दौंडच्या टॉकीजला गेले ती थोरल्या बहिणीला स्टेशनावरून हलवायला. अक्काचा नवरा न्हावऱ्याहून दौंडला आला, सोलापूरच्या गाडीत बसला, तो पुन्हा दिसलाच नाही. त्याला बारा वर्षं होत आली होती. बारा वर्षांत माणूस परतला नाही, की दर्भाचा पुतळा करून त्याचं दहन करतात आणि बायकोचं कुंकू पुसतात. तिच्या सासऱ्यांनी येत्या अमावास्येला ते ठरवलं होतं. म्हणून अक्का शेवटचं शोधायला माझ्याकडे दौंडला आली होती. सकाळपासून इंजिनाच्या धुरात उभी राहून उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत होती. मला ते बघवेना.

पिक्चर कशाचा, हे मी विचारलंच नव्हतं. निघाला नेमका बेपत्ता नवऱ्याचा! लहानशा गावातला व्यापारी गायब होतो, विहिरीत रक्ताळलेला सदरा सापडतो, ज्याच्या त्याच्यावर संशय. इंटरव्हलपर्यंत मी स्वतःला शंभर शिव्या घातल्या, पण अक्का उठायला तयार नाही. आणि शेवट काय? बायको ज्याला रोज भाकरी वाढत होती, तो देवळापुढचा भिकारी दाढी उपटून काढतो, तर तोच नवरा! चोर पकडायला म्हणे सोंग घेतलं होतं. डोंबलाचा शेवट! लोकांनी खुर्च्या आपटल्या, पैसे परत मागितले. अक्का तेवढी ढसाढसा रडत होती.

"मी भिकाऱ्यांकडं कवा नीट बघितलंच न्हाई गं," म्हणाली, आणि तडक स्टेशनाकडे निघाली.

पुलाखाली एक म्हातारा गोसावी बसला होता. मी पोहोचेपर्यंत अक्कानं त्याची दाढी धरून ओढली होती. तो कळवळला. दाढी खरी होती. अक्का त्याच्या पायांवर कोसळली, तेव्हा बिचाऱ्यानं सवयीनं आशीर्वाद दिला, "सौभाग्यवती भव."

तेवढ्या आधारावर ती न्हावऱ्याला परतली. अमावास्येला मी गेले तेव्हा ओढ्याकाठी पुतळा मांडलेला होता आणि ती सासऱ्यांचे पाय धरून बसली होती.

"आप्पा, साधूनं आशीर्वाद दिलाय. येतील ते. थोडं थांबा."

"पोरी, मला तरी कुठं जाळायचाय त्याला?" म्हातारा म्हणाला. "पर मागं लेकरू न्हाई. मी गेल्याव त्याला पानी कोन देनार?"

त्यांच्या हातून काडी पेटेना. पुढे व्हायला कुणी धजेना. शेवटी अक्काच उठली. त्यांच्या हातातली काडीपेटी घेतली, पुतळ्याच्या नारळाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि पेटवून दिलं.

बायका तिच्या बांगड्या फोडायला पुढे सरल्या. तसल्या शेवटाला नावं ठेवणारी मी, रस्त्याकडे बघत होते. एखादा दाढीवाला येतोय का म्हणून.