आबांच्या पिशवीतले पासपोर्ट

आमच्या भागातून कुणी परदेशी निघालं की मला फोन येतो. काय काळजी घ्यायची, काय न्यायचं, काय नाही. मी सगळं सांगतो. आवाज माझाच असतो, पण बोलताना आत काही हलत नाही.

आम्ही सतरा जण नेदरलँड्सला गेलो होतो. सगळे डाळज-भिगवण पट्ट्यातले भाजीपाला करणारे, तिकडची काचेची हरितगृहं बघायला निघालेले. जायच्या आधी बारामतीत एजंटच्या ऑफिसात बैठक झाली. त्यानं सूचनांचा इंग्रजी कागद दिला आणि माझं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं म्हणून तो समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही मास्तरासारखा उभा राहिलो. पासपोर्ट ज्याचा त्यानं अंगावर ठेवायचा. झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. रस्त्यात कुणी कपड्यांवर काही सांडून पुसायला आलं, तर आधी आपलं सामान धरायचं. यावर सगळे हसले. "मुद्दाम सांडायचं आन् परत पुसायचं? त्येंला काय कामधंदा न्हाय व्हय?" एक जण म्हणाला.

आमच्याकडं चार माणसं कुठंही निघाली, लग्नाला म्हणा, देवाला म्हणा, की जोखमीची वस्तू वडीलधाऱ्याकडं जाते. आमच्यात आबा वडीलधारे. सत्तरीचे, पांढरी टोपी, थंडीसाठी मुलाचा कोट. तिकडं विमानतळाबाहेर पडल्या पडल्या त्यांनी कापडी पिशवी उघडली आणि एकेकानं पासपोर्ट आत टाकला. कागद वाचलेला माणूस मीच. पण माझा मी ठेवला असता, तर आबांवर भरवसा नाही असं दिसलं असतं. मी टाकला. झेरॉक्स बॅगेत घालायला लागलो, तर आबा म्हणाले, "त्या बी हितंच टाक. एका जागी असलेलं बरं." त्याही टाकल्या.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, आम्ही रेल्वे स्टेशनवर फोटो काढत होतो. आबा बाकावर बसले होते. एका बाईनं त्यांच्या कोटाच्या पाठीवर काहीतरी पांढरं लागलेलं दाखवलं आणि रुमाल काढून पुसायला लागली. आबांना अवघडल्यासारखं झालं. परकी बाई आपल्या अंगाला हात लावून सेवा करतेय. ते उठून उभे राहिले, पिशवी पायाशी ठेवली आणि बाई निघाली तेव्हा तिला दोन्ही हात जोडले. "किती भली मानसं हायती," ते आम्हाला सांगायला लागले. मग त्यांनी पायाशी बघितलं.

पोलिसांत तक्रार झाली. दूतावासाचं काम आता सोमवारीच होणार होतं. तोवर फारसं काही बिघडलं नव्हतं. हॉटेल होतं, जेवण मिळत होतं. आबा सोडले तर सगळे थट्टाही करत होते.

शनिवारी सकाळी भावाचा फोन आला. आई अंगणात पडली होती. बारामतीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणाले होते, कुणाला भेटायचं असेल तर बोलवून घ्या. "शुद्धीवर हाय," भाऊ म्हणाला. "तुलाच इचारतीय."

एजंटनं त्याच संध्याकाळच्या विमानात जागा शोधून दिली. विमान होतं, जागा होती, मी होतो. पासपोर्ट नव्हता. दूतावासात फोन लावला. पलीकडचा माणूस आपुलकीनं बोलला, सोमवारी सकाळी सगळ्यात आधी तुमचंच करतो म्हणाला. मी त्याचे आभार मानले. खोलीत येऊन सॉक्स धुतले, वाळत घातले. ते विमान सुटायची वेळ झाली तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि परत खिडकीबाहेर बघत बसलो. रडू आलं नाही. हे लिहायला बरं दिसत नाही, पण मला काहीच वाटत नव्हतं.

आबा दारात येऊन उभे राहिले. "मला श्या दे," म्हणाले. "चार लोकांसमोर दे." मी म्हणालो, "आबा, चहा घेता का?" ते तिथंच उंबऱ्यापाशी खाली बसले आणि पोरासारखे रडले. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी कुठलाही कागद वाचला नव्हता. मी वाचला होता.

रविवारी सकाळी परत भावाचा फोन. घरी तेव्हा दुपार होती. "काय सांगू तिला? सारखी इचारतीय, कुठवर आला म्हून."

"तिच्या कानाला लाव," मी म्हणालो.

तिचा श्वास ऐकू आला. मी आयुष्यात कधी इतकं सहज खोटं बोललो नव्हतो. "आई, आलोय मी. भिगवणला उतरलोय."

"जेवलास का?"

"न्हाय अजून."

"मग ये घरी," ती म्हणाली. "वाढून ठेवाया लावते."

सोमवारी दूतावासातून कागद मिळाले. मंगळवारी मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. लोक येत होते, बसत होते, जात होते. वहिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. फोन झाल्यावर आईनं खरंच ताट वाढायला लावलं. ते झाकून आपल्याजवळ ठेवायला सांगितलं. कूस बदलून दाराकडं तोंड करून घेतलं. नंतर ती कुणालाच काही विचारेना. दिवेलागणीला गेली.

भिगवणहून आमच्या घरी यायला पंधरा मिनिटं लागतात. तिचा सगळा जन्म त्या रस्त्यानं ये-जा करण्यात गेला होता.