जावईबापू, जरा नरडं इकडे करा

सत्तूरमामांचा उभा जन्म मटणाच्या दुकानात गेला. दुकान मुलाकडे सोपवून घरी बसले, तर हात शिवशिवायला लागले. कांदा चिरायला घेतला तरी ओटा हादरायचा. शेवटी लेकीने त्यांना वसाहतीच्या मागचा खतखड्डा मिळवून दिला. घराघरातलं ओलं खरकटं, वाळका पाला आणि जावयाच्या खाणावळीचे वापरलेले डबे तिथे यायचे. डबे उसाच्या चोथ्याचे, मातीत कुजून जाणारे. मामा खड्ड्यावर तुटून पडले. भोपळ्याच्या सालीवर सत्तूर असा चालवायचे की बघणाऱ्याला भोपळ्याची दया यावी.

फक्त डबे ते तोडत नसत. उलगडून सपाट करायचे, एकावर एक रचायचे आणि वर चढून बुटांनी तुडवायचे. दुकानात मीठ लावलेली कातडी ते अशीच रचत. हाताची सवय, जाते कुठे?

मग खड्ड्याला वास सुटला. वास कसला, हल्लाच! खालच्या मजल्यावरच्या खिडक्या पटापट मिटल्या. वसाहतीचे सेक्रेटरी नाक दाबून म्हणाले, "रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर सिमेंट ओतून गाड्या लावू."

मामांचं दुकान सुटलंच होतं, आता हेही गेलं की दिवसभर भिंत बघत बसायचं. त्या दिवशी जावई डब्यांची थैली घेऊन आला, तेव्हा मामा पाला ओढायचं दाताळं परजूनच उभे होते.

"जावईबापू, तुमचे डबे प्लास्टिकचे आहेत."

"उसाचे आहेत, मामा. चावून बघा."

मामांनी खरंच चावला आणि थुंकला. तुकडा जावयाच्या शर्टावर.

"माझ्यावर थुंकलात?"

"डब्यावर थुंकलो. तुम्ही मध्ये आलात."

जावयाने ढकललं. मामांनी गुद्दा घातला. नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली, तसं जावयाने फावडं उचललं. मामांनी दाताळ्यावर वार झेलला आणि अदबीने म्हणाले, "जावईबापू, जरा नरडं इकडे करा."

दोघे एकमेकांना कवटाळून खड्ड्यात कोसळले. दाताळं खाली घुसलं, फावडं वर आलं, रचलेल्या थरांच्या चिंध्या उडाल्या. मामांनी जावयाचं डोकं सालींत खुपसलं. जावयाने मामांचा कान दातांत धरला. मामाही चावायला गेले, पण जावयाच्या थपडेसरशी त्यांची कवळीच उडाली.

लेक पाण्याचा पाइप घेऊन धावत आली आणि दोघांवर धार सोडली. "बाबा, त्यांचा गळा सोडा! अहो, तुम्ही बाबांचा कान सोडा!"

कानाला टाके पडले, नाकाला पट्टी. लेकीने दोघांना एकाच सोफ्यावर बसवून खिमट वाढलं.

शनिवारी मामा कवळी शोधायला खड्ड्यात उतरले. हात घातला आणि झटकन मागे घेतला. आत गरम होतं! वाफ येत होती. फाटलेल्या डब्यांवर पांढरी बुरशी धरली होती, चिमटीत धरताच तुकडा विरायचा. वास येत होता तो ओल्या मातीचा. एका कोपऱ्यात मात्र तुडवलेला एक थर जसाच्या तसा उरला होता. मामांनी तो उचकटला आणि दुर्गंधीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुडवून तुडवून हवाच शिरू दिली नव्हती त्यांनी; ती शिरली मारामारीत. साऱ्या खड्ड्यात प्लास्टिकची वस्तू एकच सापडली, त्यांची स्वतःची कवळी.

रविवारी सेक्रेटरी सिमेंटची पोती घेऊन आले, चार कोपऱ्यांत हुंगले आणि हिरमुसले होऊन पोती परत घेऊन गेले.

संध्याकाळी मामा जावयाच्या दारात उभे राहिले. कवळी धुऊन बसवलेली होती.

"जावईबापू, डबे उसाचेच होते. चुकलो." मग घसा खाकरून म्हणाले, "दर रविवारी मोकळे असता का? खड्डा उलथायचा असतो."

जावयाने नाकाची पट्टी चाचपली. "फावड्यानेच ना, मामा?"

"बघू."

लेकीने आतून हे ऐकलं. तिने जाऊन नळाला पाइप जोडून ठेवला.